भावाचा बीएमआय २२.७, ताईंचा २९.२ : एकाच सकाळी घेतलेल्या दोन मापांचं प्रकरण

ताई स्वतःची तपासणी करून घ्यायला आल्या होत्या. वय ४७, वडिलांना मधुमेह, आणि बाळंतपणांनंतर चढलेलं वजन परत उतरलेलं नाही. रिपोर्टमध्ये साखर निघणार हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. सुई टोचली की चक्कर येते म्हणून त्यांनी ४३ वर्षांच्या धाकट्या भावाला सोबत आणलं होतं. भाऊ बाहेर बाकावर फोन बघत बसले होते. मी म्हणाले, "वडील दोघांचे एकच ना? मग तुमचीही मापं घेऊ." त्यावर ताईच आतून म्हणाल्या, "त्याला काय होणार आहे डॉक्टर, काडी आहे नुसती."

दोघांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

भावांकडे कामाच्या ठिकाणी दरवर्षी होणाऱ्या तपासणीचे तीन कागद फोनमध्ये होते. तिन्हींवर बीएमआयपुढे (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) "सामान्य". रक्तातली साखर एकदाही तपासलेली नव्हती, कारण तिथला नियम असा की बीएमआय २५ च्या वर गेला तरच रक्त घ्यायचं. कंबरेच्या घेराचा रकाना मात्र भरलेला होता : ८४ सेंटिमीटर. हा आकडा कुठून आला असं विचारलं, तर म्हणाले, "पँटचा नंबर विचारला होता. मी ३३ सांगितला." तेहतीस इंचांचे सेंटिमीटर करा, चौऱ्याऐंशीच येतात. त्या रकान्यासाठी टेप कधी हातात घेतलीच गेली नव्हती.

त्यांना उभं केलं तेव्हा पहिल्यांदा दिसला तो पट्टा. तो पोटाच्या खाली, जवळजवळ ओटीपोटावर बसलेला होता आणि त्याच्यावर पोट पुढे झुकलेलं होतं. हातपाय बारीक, मांड्या सडपातळ, खांदे अरुंद. शर्ट बाहेर सोडला की काही कळू नये अशी ठेवण. पँटचा नंबर म्हणजे या पट्ट्याच्या जागेचं माप, आणि पोट वाढत गेलं तसा पट्टा खाली सरकत गेला. त्यामुळे कॉलेजपासून नंबर फक्त दोनने वाढला आहे असं ते अगदी खरेपणानं सांगत होते.

कंबरेचा घेर मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी : काखेतून सरळ खाली आलेल्या रेषेवर हाताला लागणारी शेवटची बरगडी शोधायची, कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची, आणि या दोहोंच्या मधोमध टेप लावायची. मी दोन्ही ठिकाणी बॉलपेननं बारीक रेघ मारते आणि मधला बिंदू डोळ्यांनी न ठरवता मोजून काढते. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. पाय जवळ, हात सैल. आकडा वाचायचा तो सहज श्वास सोडून झाल्यावर.

पहिल्यांदा ८८ आले. पोटाला कुणी टेप लावली की माणूस नकळत पोट आत घेतो, आणि त्यात लबाडी काहीच नसते. मी त्यांना आठवड्याचे वार म्हणायला सांगितले. बोलताना श्वास रोखून धरता येत नाही. सोमवार, मंगळवार असं करत शुक्रवारपर्यंत पोट सैल झालं आणि टेपवर ९२ दिसले. पुन्हा मोजलं, पुन्हा ९२. एकाच माणसाचं माप पँटच्या नंबरावरून ८४, पोट आत घेऊन ८८ आणि नीट मोजलं तर ९२. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी धोक्याची रेष ९० वर आहे. तीनपैकी दोन आकडे रेषेच्या अलीकडे पडले असते.

बाकीची मापं अशी. भाऊ : उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, बीएमआय २२.७, नितंबांचा सर्वांत रुंद घेर ९१, म्हणजे कंबर-नितंब गुणोत्तर १.०१, कंबर-उंची गुणोत्तर ०.५५. ताई : उंची १५८, वजन ७३, बीएमआय २९.२, कंबर ८६, नितंब ११०, कंबर-नितंब गुणोत्तर ०.७८, कंबर-उंची गुणोत्तर ०.५४.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. ताईंची उपाशीपोटी साखर ९४, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची १२२, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ५.५. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ११२. भावांची उपाशीपोटी साखर ११२, दोन तासांची १७८, एचबीए१सी ६.२, ट्रायग्लिसराइड २३८ आणि चांगलं कोलेस्टेरॉल फक्त ३४. सोनोग्राफीत यकृतात चरबी. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था धरतात. भाऊ तिन्ही कसोट्यांवर तिच्यात होते, ताई एकीवरही नव्हत्या.

ताई कितीतरी वेळ रिपोर्ट उलटसुलट करत होत्या. "नावं बदलली तर नाहीत ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मीही लॅबला फोन करून खात्री करून घेतली. नावं बरोबर होती.

बीएमआयचं काय चुकलं?

या प्रकरणावरून बीएमआय निकामी आहे असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायची कल्पना बेल्जियन गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडली. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्यांना शोधायचं होतं, आजाराचं निदान करायचं नव्हतं. बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ साली अॅन्सेल कीज यांनी दिलं, आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. त्या कामात हा निर्देशांक उत्तम चालतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, बीएमआय ३५ वा जास्त असलेल्या स्त्रियांना २२ पेक्षा कमी असलेल्यांच्या तुलनेत मधुमेहाचा धोका सुमारे ९३ पट होता. वैद्यकात इतके मोठे फरक क्वचितच दिसतात.

शिवाय २००७ मध्ये ३२ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात बीएमआय, कंबरेचा घेर आणि कंबर-नितंब गुणोत्तर यांची भाकीत करण्याची ताकद जवळपास सारखीच निघाली. प्रत्येक माप एका प्रमाण विचलनानं, म्हणजे लोकांमध्ये त्या मापात नेहमी दिसणाऱ्या फरकाएवढं, वाढलं की पुढे मधुमेह होण्याचा धोका अनुक्रमे १.८७, १.८७ आणि १.८८ पट. "बीएमआय टाकून द्या, टेप घ्या" असं म्हणणाऱ्यांनी हे तीन आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून बघावेत.

मग भाऊ निसटले कसे? लोकसमूहात बहुतेकांचं वजन आणि पोट बरोबरीनं वाढतं, म्हणून सरासरीत तिन्ही मापं एकच गोष्ट सांगतात. ज्यांच्या बाबतीत ती एकमेकांशी भांडतात अशी माणसं थोडी असतात, आणि सरासरी त्यांना गिळून टाकते. दवाखान्यात मात्र समोर सरासरी बसलेली नसते, भाऊ बसलेले असतात. त्यांचा बीएमआय नेहमीच्या २५ च्या रेषेखाली होताच, पण आशियाई लोकांसाठी २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं सुचवलेल्या २३ च्या रेषेखालीही होता. रेष कडक करूनसुद्धा हा माणूस तिच्या आतच राहिला, ही गोष्ट मला त्या दिवशी सर्वांत जास्त टोचली.

या ठेवणीचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आहे. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. भावांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे डॉक्टरांचंही असतंच."

चरबी कुठे साठते

१९४७ मध्ये मार्सेचे फ्रेंच डॉक्टर जाँ वाग यांनी लिहून ठेवलं की वरच्या धडावर, पोटावर साठणारी चरबी आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी यांचे परिणाम वेगळे असतात, आणि मधुमेहाचा संबंध पहिलीशी आहे. त्यांचं म्हणणं मुख्य प्रवाहात यायला कित्येक दशकं लागली.

ताईंच्या ११० सेंटिमीटर नितंबांकडे आणि भावांच्या ९१ कडे मी या नजरेनं बघते. खाल्लेल्यातून उरलेली ऊर्जा शरीराला कुठेतरी ठेवावी लागते. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, ही त्यासाठीची सुरक्षित कोठी आहे. ती मोठी असली तर बरंच सामावून घेते. ज्यांना कातडीखालची चरबी जवळजवळ नसतेच अशा लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना भयंकर मधुमेह होतो, ही गोष्ट डॉक्टरांनाही प्रथम ऐकताना उलटी वाटते. कोठीच नाही, म्हणून चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते.

भावांची कोठी लहान आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचं वजन ५४ किलो होतं. तेव्हापासून वाढलेले दहा किलो मांड्यांवर गेलेले नाहीत, ते पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात गेले. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून थेट तिथे पोहोचतात. चरबीनं भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर, माणूस झोपेत असताना, साखर बनवून रक्तात सोडत राहतं. सकाळची ११२ ही त्यातूनच आली. त्यात भावांच्या अंगावर स्नायू कमी. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात; ते अपुरे पडले की दोन तासांनी १७८ दिसते.

वजन वाढलंय ते कुठून कुठपर्यंत, हे मी हल्ली प्रत्येकाला विचारते. परिचारिकांच्या त्याच अभ्यासात वयाच्या अठराव्या वर्षानंतर ८ ते ११ किलोच्या दरम्यान वजन वाढलेल्या स्त्रियांचा धोका, वजन स्थिर राहिलेल्यांच्या तुलनेत, २.७ पट होता. आजचं वजन 'सामान्य' असलं तरी त्यातले किती किलो नंतर आले हे वजनकाटा सांगत नाही, माणसालाच विचारावं लागतं.

कंबर-उंची गुणोत्तरानं मला या प्रकरणात थोडं अडचणीत टाकलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. "कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा" हा नियम मला फार आवडतो. वय, वंश, स्त्री-पुरुष यांची वेगळी कोष्टकं लागत नाहीत, सुतळीनंसुद्धा तपासता येतो. उंचीएवढी सुतळी घ्या, अर्धी दुमडा, पोटाभोवती पुरते का बघा. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०२२ मध्ये तो मार्गदर्शक सूचनांमध्ये घेतला : ०.५ ते ०.५९ वाढलेला धोका, ०.६ पासून जास्त धोका. पण इथे भाऊ ०.५५ आणि ताई ०.५४. एकाच खान्यात. भावांना या मापानं बरोबर पकडलं, पण दोघांमधला फरक त्याला दिसला नाही. तो दिसला कंबर-नितंब गुणोत्तराला. पुरुषांसाठी ०.९० ची रेष, भाऊ १.०१, स्त्रियांसाठी ०.८५, ताई ०.७८. म्हणून मी एका मापाच्या प्रेमात पडत नाही. पण हातात एकच टेप आणि अर्धं मिनिट असेल, तर मी कंबर मोजेन आणि उंचीशी ताडून बघेन. नितंब मोजताना कपडे, लाज आणि घाई तिन्ही आड येतात, आणि मग तो आकडा बहुधा अंदाजानंच लिहिला जातो.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं २००५ मध्ये भारतीयांसाठी तयार केलेल्या जोखीम-गुणांकनात बीएमआय घेतलेलाच नाही. त्यात वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह एवढ्याच चार गोष्टी आहेत. भावांचे गुण : वयाचे २०, कंबरेचे १०, बैठं काम आणि व्यायाम अजिबात नाही याचे ३०, वडिलांच्या मधुमेहाचे १०. एकूण ७०. साठ किंवा जास्त म्हणजे जास्त धोका. गंमत म्हणजे पँटच्या नंबरावरून लिहिलेले ८४ खरे धरले असते आणि कंबरेला शून्य दिलं असतं, तरीही ६० भरले असते. वडिलांना काय होतं आणि दिवसभर काय करता, एवढे दोन प्रश्न त्या तीन वर्षांत कुणी विचारले असते तरी रक्त तपासायची वेळ आली असती. कंबरेच्या घेराला माझ्या लेखी एवढाच मान आहे : कुणाचं रक्त तपासायचं हे तो सांगतो. निदान रक्तच करतं.

काय केलं

काडीसारख्या माणसाला वजन कमी करा म्हणायचं कसं, हा खरा पेच होता. भावांच्या घरच्यांनी त्यांना वजन वाढवायचा सल्ला आधीच दिलेला होता. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांची मांडणी इथे उपयोगी पडली. प्रत्येकाची चरबी पेलायची स्वतःची एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली की बीएमआय काहीही असो, साखर बिघडते. त्यांच्या गटानं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात बीएमआय २७ च्या आतल्या, मधुमेह झालेल्या २० जणांपैकी १४ जणांचा मधुमेह वजन उतरवल्यावर माघारी गेला. अभ्यास छोटा आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे.

मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढ्या लक्ष्यावर पुढचा मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला होता, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधानं ३१ टक्क्यांनी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अभ्यासात जीवनशैलीतल्या बदलानं २८.५ टक्के घट दिसली. फायदा होताच, पण तितका मोठा नव्हता. हे मी भावांना स्पष्ट सांगितलं. ५८ ची आशा दाखवून २८ हातात देणं मला पटत नाही.

आम्ही चार किलो ठरवले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंबर पाच-सहा सेंटिमीटर. आठवड्यातून पाच दिवस भरभर चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. ताकदीच्या व्यायामावर मी अडून बसले, कारण या ठेवणीच्या माणसानं नुसतं खाणं कमी केलं तर आधीच कमी असलेले स्नायूही जातात. जेवणाच्या वेळा सावरल्या, ताटातला पिष्टमय भाग कमी करून प्रथिनं वाढवली, रात्रीचं उशिराचं खाणं थांबवलं. औषध तेव्हा दिलं नाही.

ताईंना मी सगळं ठीक आहे असं म्हटलं नाही. त्यांची कंबर स्त्रियांसाठीच्या ८० च्या रेषेच्या वर आहे, बीएमआय २९ आहे, वडिलांचा वारसा दोघांना सारखाच आहे. वजन जास्त पण रिपोर्ट चांगले, अशी स्थिती बऱ्याच जणांत काही वर्षांनी बदलते, आणि पाळी थांबल्यानंतर चरबी पोटाकडे सरकू लागते. त्यांना वर्षातून एकदा साखर तपासायची आणि त्याच दिवशी कंबर मोजायची, हे ठरलं. त्या निघताना म्हणाल्या, "इतकी वर्षं घाबरले मी, आणि निघालं त्याचं." सुटल्याचा आनंद त्यांच्या आवाजात कुठेच नव्हता.

चौदा महिन्यांनी

मधले तीन महिने भाऊ आलेच नाहीत. चार किलो गेल्यावर गाल बसले, कामावर "आजारी होतास का" असं विचारणं सुरू झालं, आणि त्यांनी चालणं सोडलं. ताईंनीच त्यांना परत आणलं. माझ्याकडूनही एक चूक झाली होती. असं विचारलं जाईल हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. आता सांगते.

शेवटच्या भेटीत वजन ६० किलो, बीएमआय २१.३, एचबीए१सी ५.८, उपाशीपोटी साखर १०१, ट्रायग्लिसराइड १५१. मधुमेहपूर्व अवस्थेतच, पण कडेला. कंबर-उंची गुणोत्तर ०.५१. अजूनही निम्म्याच्या वर.

त्या दिवशी टेप त्यांनी स्वतःच माझ्या हातातून घेतली. शर्ट वर केला, दोन बोटांनी शेवटची बरगडी चाचपली, मग कमरेचं हाड, आणि मधोमध टेप लावून हळू आवाजात वार म्हणायला लागले. शुक्रवारी थांबून वाकून बघितलं आणि म्हणाले, "सत्याऐंशी." मी पुन्हा मोजलं तर ८६ आले. केसपेपरवर दोन्ही आकडे लिहिले, आणि पुढे कुणी मोजला तेही.